पिपेट, हस्तचालित

द्रव पदार्थाचे ठराविक घनफळ एका पात्रातून काढून दुसऱ्या पात्रात सोडण्यासाठी हातात धरून वापरावयाच्या साधनास पिपेट किंवा शोषनळी म्हणतात. रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधनिर्मिती व रोगनिदान या सर्व क्षेत्रांतील प्रयोगशाळांत हे साधन तराजूइतकेच मूलभूत मानले जाते. रुग्णाच्या रक्तातील साखर, हीमोग्लोबिन किंवा एखाद्या विषाणूचे अस्तित्व यांविषयी प्रयोगशाळा जो आकडा देते, त्याचा पहिला आधार पिपेटीने घेतलेल्या काही थेंबांच्या अचूकतेवर असतो. या साधनाच्या विकासाला दोन बाजू आहेत. द्रवाचे माप अधिकाधिक लहान व अचूक करीत जाणे ही एक आणि ते माप घेणाऱ्या माणसाच्या शरीराला होणारी इजा टाळणे ही दुसरी. पहिल्या बाजूचा इतिहास पाठ्यपुस्तकांतून विस्ताराने येतो. दुसऱ्या बाजूकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले. प्रारंभी धोका तोंडाला होता. तो दूर झाल्यावर त्याची जागा अंगठ्याच्या व मनगटाच्या विकारांनी घेतली.

प्रारंभ : घनफळ मोजून रासायनिक विश्लेषण करण्याची पद्धती अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये वस्त्रोद्योगाच्या गरजेतून निर्माण झाली. कापड पांढरे करण्यासाठी क्लोरिनाचे विद्राव वापरण्यास सुरुवात झाली होती. विद्राव सौम्य असल्यास कापड पिवळसर राही व तीव्र असल्यास ते जळून जाई. त्यामुळे विद्रावाची शक्ती झटपट मोजणे कारखानदारांना अगत्याचे झाले. रूआन परिसरात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ फ्रांस्वा आंत्वान आंरी देक्रोइझिल (१७५१–१८२५) यांनी त्यासाठी अंशांकित काचनळ्यांची उपकरणे तयार केली. आजच्या पिपेट व ब्यूरेट या दोहोंचे पूर्वरूप त्यांत आढळते. पुढे झोझेफ ल्वी गे-ल्युसॅक यांनी १८२४ मध्ये क्लोरिनमापनासंबंधीच्या आपल्या निबंधात ‘पिपेट’ व ‘ब्यूरेट’ हे शब्द योजिले व ते सर्वत्र रूढ झाले. पिपेट या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ लहान नळी असा आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फ्रीड्रिख मोर (१८०६–७९) यांनी १८५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनुमापनावरील ग्रंथामुळे या उपकरणांच्या वापराला शिस्त आली. सर्व लांबीवर अंश कोरलेली पिपेट आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

काचेच्या पिपेटीचे तत्त्व साधे आहे. नळीचे टोक द्रवात बुडवून वरच्या तोंडातून हवा शोषली की वातावरणीय दाबामुळे द्रव नळीत चढतो. खुणेच्या थोडा वर चढल्यावर वरचे तोंड तर्जनीने बंद करतात व बोट किंचित सैल करून द्रवाचा अंतर्वक्र पृष्ठभाग खुणेवर आणतात. एकच खूण असलेल्या पिपेटीतून द्रव आपोआप वाहू द्यावयाचा असतो. टोकाशी राहिलेला अखेरचा अंश फुंकून काढावयाचा नसतो, कारण खूण करताना तो हिशेबात धरलेला असतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार अ-वर्गाच्या १० मिलि. पिपेटीत ०·०२ मिलि. व २५ मिलि. पिपेटीत ०·०३ मिलि. एवढीच चूक क्षम्य मानतात. काचपात्रांचे अंशांकन सामान्यतः २०° से. तापमानास करतात. उष्ण कटिबंधातील देशांसाठी २७° से. हे तापमान मान्य झालेले असून भारतीय बनावटीच्या पिपेटींवर तेच कोरलेले आढळते. खुणेजवळ कोरलेला हा आकडा विद्यार्थी सहसा वाचत नाहीत, परंतु दुसऱ्या तापमानाची पिपेट मिसळल्यास अत्यंत काटेकोर कामात फरक पडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिपेट रसायनशाळेतून रुग्णालयात आली. फ्रेंच वैद्य प्येअर कार्ल पोतँ यांनी १८६७ मध्ये रक्त विरल करण्याची फुगा असलेली पिपेट तयार केली. तिची सुधारलेली आवृत्ती पुढे रक्तकोशिका मोजण्यासाठी जगभर वापरली गेली. फुग्यात लाल मणी असलेली तांबड्या कोशिकांची व पांढरा मणी असलेली पांढऱ्या कोशिकांची अशी ही जोडी भारतातील रोगनिदान प्रयोगशाळांतही अनेक दशके नित्याची होती. पहिलीत ०·५ या खुणेपर्यंत रक्त व १०१ पर्यंत विरलक द्रव घेतल्यास रक्त दोनशे पटींनी विरल होते. रबरी नळीचे टोक दातांत धरून रक्त बरोबर खुणेपर्यंत ओढणे हे तंत्रज्ञाच्या कौशल्याचे लक्षण मानले जाई. लूई पाश्चर यांच्या नावाने ओळखली जाणारी, ज्योतीवर ओढून निमुळती केलेली साधी काचनळी याच काळात सूक्ष्मजीवशास्त्रात प्रचारात आली.

तोंडाने शोषण्याचा धोका : तोंड हा शोषणाचा सर्वांत स्वस्त व सर्वांत चांगला ताबा ठेवता येणारा पंप होय. नेमक्या याच कारणाने तो जाण्यास सर्वाधिक काळ लागला. अम्ल किंवा सायनाइडाचा विद्राव ओढताना होणारे अपघात रसायनशाळांना परिचित होते, परंतु ते तत्काळ लक्षात येत. जंतूंच्या बाबतीत परिणाम काही दिवसांनी दिसतो आणि कारण व परिणाम यांचा संबंध जोडणारा कोणी उरत नाही. विषमज्वराच्या जंतूंचे संवर्धन चुकून तोंडात जाऊन रोग झाल्याची नोंद १८९३ मध्येच झालेली आहे. तरीही पुढील सात-आठ दशके पद्धती बदलली नाही. पिपेटीच्या वरच्या टोकात कापसाचा बोळा घालणे एवढाच काय तो बचाव होता.

या प्रश्नाचे व्यापक स्वरूप अमेरिकेतील एस. ई. सल्किन व आर. एम. पाइक यांच्या पाहणीमुळे स्पष्ट झाले. त्यांनी सु. पाच हजार प्रयोगशाळांना प्रश्नावली पाठवून मिळविलेली माहिती १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. तीत प्रयोगशाळेत जडलेल्या १,३४२ संसर्गांची नोंद होती व त्यांपैकी जेमतेम एकतृतीयांश पूर्वी कोठेतरी प्रसिद्ध झालेले होते. आंदोलज्वराचे रुग्ण सर्वाधिक होते. विषमज्वर, क्षय इ. रोगही त्यांत होते. सुमारे ३ टक्के रुग्ण दगावले. या संसर्गांपैकी केवळ १६ टक्क्यांचा संबंध एखाद्या ज्ञात अपघाताशी जोडता आला आणि अशा अपघातांत तोंडाने पिपेट ओढणे व सुई-पिचकारीचा वापर ही दोन कारणे प्रमुख ठरली. उरलेल्या ८४ टक्क्यांचे मूळ सापडले नाही. पिपेटीतून द्रव फुंकताना उडणारे सूक्ष्म तुषार डोळ्यांना दिसत नाहीत, ही गोष्ट त्या संदर्भात ध्यानात घेण्यासारखी आहे.

तोंडाऐवजी वापरावयाचे रबरी फुगे उपलब्ध होते. तीन झडपांचा फुगा दाबून हवा काढणे, द्रव ओढणे व सोडणे या तिन्ही क्रिया करता येतात. मात्र तो वापरताना हात अवघडतो व वेग मंदावतो. दिवसाला शेकडो नमुने हाताळणाऱ्या तंत्रज्ञाने तो खणात ठेवून पुन्हा तोंड लावावे, हे नित्याचेच होते. सुरक्षिततेचे साधन कामाच्या वेगात अडथळा आणीत असेल, तर त्याविषयीचे नियम कागदावरच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेची प्रयोगशाळा-जैवसुरक्षा पुस्तिका १९८३ मध्ये व अमेरिकेतील तत्सम मार्गदर्शिका १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. तोंडाने पिपेट वापरण्यास अशा मार्गदर्शिकांत स्पष्ट मनाई आहे. परंतु तोवर अधिक सोयीचे साधन बाजारात आलेले होते आणि खरा बदल त्यानेच घडविला होता.

दट्ट्याची पिपेट : दुसऱ्या महायुद्धानंतर एंझाइमांच्या अभ्यासाला वेग आला. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काज लिंडरस्ट्रम-लांग व त्यांचे सहकारी यांनी १९३० नंतरच्या दशकात मायक्रोलिटर (लिटरचा दशलक्षावा भाग) मापाने काम करण्याच्या पद्धती विकसित केल्या होत्या. प्रकाशमापकाच्या साहाय्याने एंझाइमांची क्रियाशीलता मोजण्याची ओटो वॉरबुर्ख यांची पद्धतीही रूढ झाली होती. वॉरबुर्ख यांचे शिष्य टेओडोर ब्यूखर यांच्या मारबुर्ख विद्यापीठातील प्रयोगशाळेत अशी कामे मोठ्या प्रमाणावर चालत. त्यांसाठी मध्ये आवळलेल्या बारीक काचनळ्या तोंडाने ओढाव्या लागत. हे काम कंटाळवाणे व डोळ्यांना शीण देणारे होते आणि चूक झाल्यास विषारी द्रव तोंडात जाई.

या प्रयोगशाळेत १९५७ मध्ये काम करणारे हाइन्‌रिख श्निटगर (१९२५–६४) यांना ही पद्धती मुळीच सहन होईना. त्यांनी अल्पावधीतच एक नवे साधन जुळवून सहकाऱ्यांपुढे ठेवले. त्याचे महत्त्व जाणून ब्यूखर यांनी त्यांना ते पूर्ण करण्यास मोकळीक दिली. मे १९५७ मध्ये त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला व १९६१ मध्ये एकस्व मिळाले. श्निटगर यांच्या रचनेतील तीन गोष्टी आजही जवळजवळ प्रत्येक सूक्ष्मपिपेटीत टिकून आहेत. पहिली, स्प्रिंगवर चालणारा व ठराविक अंतरच सरकणारा दट्ट्या. दुसरी, पहिल्या थांब्यानंतर अधिक जोराने दाबल्यास आणखी थोडा सरकून टोकातील उरलेला थेंब बाहेर ढकलणारी दुसरी स्प्रिंग. तिसरी, दट्ट्या व द्रव यांच्यामध्ये हवेची उशी ठेवून द्रव केवळ एका काढघाल करता येण्याजोग्या प्लॅस्टिकच्या टोकातच राहील अशी योजना. या टोकालाच प्रयोगशाळेच्या बोलीत ‘टिप’ म्हणतात. द्रवाचा स्पर्श उपकरणाला होत नसल्यामुळे ते धुण्याचे कारण उरले नाही. टिप फेकली की पिपेट पुढच्या नमुन्यास तयार होते. यंत्रदृष्ट्या क्षुल्लक वाटणारी ही तिसरी कल्पनाच वस्तुतः सर्वांत दूरगामी ठरली.

हांबुर्ख येथील एपेनडॉर्फ रुग्णालयाच्या आवारात १९४५ मध्ये हाइन्‌रिख नेथेलर व हान्स हिन्त्स यांनी स्थापन केलेल्या उद्योगाने या पिपेटीचे हक्क घेतले व १९६१ पासून ती विक्रीस आणली. पुढे हा उद्योग एपेनडॉर्फ याच नावाने प्रसिद्ध झाला. प्रारंभी ही ‘मारबुर्ख पिपेट’ एकाच ठराविक मापाची असे. निरनिराळ्या मापांसाठी निरनिराळ्या पिपेटी ठेवाव्या लागत. श्निटगर यांचा १९६४ मध्ये पोहताना बुडून मृत्यू झाला. आपल्या साधनाचा जगभर झालेला प्रसार त्यांना पाहता आला नाही.

माप बदलता येणाऱ्या पिपेटी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दोन ठिकाणी तयार झाल्या. फिनलंडमध्ये ओस्मो सुओवानिएमी यांनी व अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे वॉरेन गिल्सन यांनी अशा पिपेटी बनविल्या. गिल्सन यांच्या पिपेटीत दट्ट्याची गुंडी फिरवून माप ठरविता येई व ते खिडकीतील आकड्यांत वाचता येई. तिचे अमेरिकन एकस्व १९७४ चे आहे. अग्रक्रम कोणाचा याविषयी दोन्ही बाजूंनी दावे केले गेले असले, तरी वापरणाऱ्यांच्या दृष्टीने त्याला फारसे महत्त्व नाही. अनेक टोकांची पिपेट मात्र फिनलंडमधून आली, असे म्हणता येते. तिची गरज एका वेगळ्याच शोधामुळे उत्पन्न झाली होती. हंगेरीतील ड्यूला टाकाची यांनी १९५१ मध्ये इन्फ्ल्यूएंझाच्या तपासणीसाठी प्लॅस्टिकच्या तुकड्यात आठ बाय बारा अशा ९६ खळग्या कोरल्या होत्या. एंझाइमयुक्त प्रतिपिंडांनी करावयाच्या चाचण्या १९७१ नंतर सर्वत्र पसरल्या, तेव्हा हीच ९६ खळग्यांची पट्टी जगाची प्रमाण पट्टी बनली. तीत एकेक खळगी भरीत बसणे हे दिवसाचे मुख्य काम होऊन बसले.

अंगठ्याचे दुखणे : दट्ट्याच्या पिपेटीने तोंडाची सुटका केली, परंतु सगळा भार अंगठ्यावर टाकला. द्रव घेण्यापूर्वी एकदा दाबणे, तो सोडताना दुसऱ्यांदा दाबणे, दुसऱ्या थांब्यापर्यंत आणखी नेटाने दाबणे आणि शेवटी टिप काढण्याचा खटका दाबणे अशा चार क्रिया एका मापात होतात. शिवाय द्रव वर घेताना स्प्रिंगला आवरीत अंगठा सावकाश वर आणावा लागतो. ९६ खळग्या प्रत्येक वेळी टिप बदलून भरावयाच्या झाल्यास अंगठ्याचे ३८४ दाब होतात. अशा तीन-चार पट्ट्या हे एका दिवसाचे मध्यम काम होय. माणसाचा अंगठा पकडण्यासाठी घडलेला आहे. बाकीची बोटे मूठ करून स्थिर असताना त्याने एकट्याने वरून खाली दाबीत राहावे, अशी त्याची रचना नाही. डब्ल्यू. पी. कूनी व ई. वाय. एस. चाओ यांनी १९७७ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार चिमटीच्या टोकाशी एक किग्रॅ. जोर लावला असता अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर सु. बारा किग्रॅ. दाब येतो. हे गणित पिपेटीसाठी केलेले नव्हते, तथापि टोकाशी वाचविलेला थोडासा जोरही मुळाशी किती मोलाचा असतो, ते त्यावरून समजते.

‘पिपेट वापरणाऱ्याचा अंगठा’ या नावाने अशा दुखण्याचे वर्णन अमेरिकेतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात १९८२ मध्ये आले. ते एका छोट्या पत्राच्या स्वरूपाचे होते. पद्धतशीर पाहणी होण्यास आणखी बारा वर्षे लागली. स्वीडनमध्ये एम. ब्यर्कस्टेन व सहकाऱ्यांनी १२८ स्त्री-तंत्रज्ञांची पाहणी करून १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. इतर सरकारी स्त्री-कर्मचाऱ्यांच्या तुलनेने या तंत्रज्ञांमध्ये हाताची दुखणी दुप्पट आढळली. वर्षाला ३०० तासांहून अधिक काळ दट्ट्याची पिपेट वापरणाऱ्यांत हात व खांदा या दोहोंच्या दुखण्यांचा धोका वाढलेला दिसला. वर्षाला ३०० तास म्हणजे आठवड्याला सहा तास, दिवसाला तास-सव्वातास. कोणत्याही चालू प्रयोगशाळेत एवढे काम सहज ओलांडले जाते. ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणीही याच दिशेने बोट दाखविते.

या विकारांत अंगठा बाहेर ताणणाऱ्या दोन कंडरांच्या आवरणाचा दाह प्रमुख आहे. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्स द केर्व्हँ यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेला हा विकार धुणे पिळणाऱ्या व मूल उचलून घेणाऱ्या स्त्रियांनाही होतो. त्यामुळे तंत्रज्ञ स्त्रीने तक्रार केल्यास तिचे कारण घरकामात शोधले जाण्याची शक्यता असते. मनगट वाकवून फार काळ काम केल्यास मणिबंधातील बोगद्यातून जाणाऱ्या मध्य तंत्रिकेवर दाब पडून बोटांना मुंग्या येतात. उंच बाकावर ठेवलेल्या पात्रासाठी कोपर अधांतरी धरल्यास खांदा व मान आखडतात. दुखरा अंगठा घाईने दट्ट्या सोडतो, द्रव उसळतो, हवेचे बुडबुडे शिरतात व माप चुकते. म्हणून हा प्रश्न कामगारकल्याणापुरता मर्यादित नसून निदानाच्या विश्वासार्हतेचाही आहे.

हाताला अनुरूप रचना : अर्गॉनॉमिक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानवी अभियांत्रिकीच्या शास्त्राचा पिपेटीवर खरा प्रभाव १९९० नंतर पडला. निर्मात्यांनी प्रथम स्प्रिंगा हलक्या केल्या. जुन्या पिपेटींत थेंब झटकण्यासाठी व टिप काढण्यासाठी काही किलोग्रॅमांचा जोर लागे. नव्यांत तो बराच उतरला. दुसऱ्या थांब्याच्या स्प्रिंगेऐवजी चुंबकाचा उपयोग, बोटावर टेकणारा आकडा (त्यामुळे पिपेट घट्ट आवळून धरावी लागत नाही), आखूड दट्ट्या, टिप काढण्यासाठी दोन बोटांत वाटला जाणारा खटका अशा सुधारणा झाल्या. मोटारीवर चालणाऱ्या विद्युत् पिपेटी १९८० नंतरच्या दशकात आल्या. त्यांत अंगठ्याने केवळ बटणाला स्पर्श करावा लागतो व एकदा घेतलेला द्रव समान भागांत अनेकदा सोडता येतो. त्यांचे वजन मात्र साध्या पिपेटीहून अधिक असते. दिवसातून दहा-वीस मापे घेणाऱ्यास हा सौदा लाभाचा नाही, दोन पट्ट्या भरणाऱ्यास निश्चितपणे आहे. आठ टोकांच्या पिपेटीने ९६ खळग्यांसाठीचे दाब ३८४ वरून ४८ वर येतात. पण एकाच वेळी आठ टिपा झटकण्यास लागणारा जोरही वाढतो, ही गोष्ट विक्रेते आवर्जून सांगत नाहीत.

पिपेट निवडताना तिचे माप व हात असे दोन्ही पाहावे लागतात. आंतरराष्ट्रीय प्रमाण संघटनेने दट्ट्याच्या पिपेटींसाठी २००२ मध्ये स्वतंत्र प्रमाण ठरविले व २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. २००२ च्या प्रमाणानुसार १,००० मायक्रोलिटरच्या पिपेटीस सरासरी मापात ८ मायक्रोलिटर चूक क्षम्य होती. ही मर्यादा पूर्ण मापाची असून बदलत्या मापाच्या पिपेटीला ती सर्वत्र तशीच लागू होई. म्हणजे त्याच पिपेटीने १०० मायक्रोलिटर घेतल्यास ८ टक्क्यांची चूकही नियमात बसे. यासाठी हव्या त्या मापाच्या अगदी थोड्या वर कमाल मर्यादा असलेली पिपेट उचलावी, हा प्रयोगशाळेतील जुना पाठ खरा आहे. पिपेटीची तपासणी वजनाने करतात. पाण्याची दहा मापे संवेदनशील तराजूत तोलून तापमानानुसार घनफळ काढतात. दहा मायक्रोलिटर पाण्याचे वजन दहा मिग्रॅ. एवढेच भरत असल्याने तोलताना होणारे बाष्पीभवनही हिशेबात धरावे लागते.

हाताच्या दृष्टीने पाहता एकच एक उत्तम पिपेट नाही. जी मूठ रुंद पंजाला सुखाची, ती लहान हाताच्या व्यक्तीच्या अंगठ्याला ताणते, कारण दट्ट्याच्या गुंडीपर्यंत पोहोचण्यासाठीच अंगठा पुरा उभा करावा लागतो. प्रयोगशाळांतून स्त्री-तंत्रज्ञांची संख्या मोठी असताना हा विचार गौण मानता येत नाही. डावखुऱ्यांना आकड्यांची खिडकी उलट्या बाजूस येते. म्हणून प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या हातात पिपेट देऊन, रिकाम्या दट्ट्याने नव्हे तर टिप लावून व काढून, निदान अर्धा तास काम करून पाहिल्याशिवाय तिची खरेदी करू नये. किंमतपत्रक व निविदा यांवर विसंबून होणाऱ्या खरेदीत ही साधी चाचणी बहुधा गळते.

टिप : टिपेकडे वापरून टाकण्याची वस्तू म्हणून पाहिले जाते. वास्तविक माप ठरविणाऱ्या व्यवस्थेचा ती अर्धा भाग आहे. टिप पिपेटीच्या निमुळत्या टोकावर नीट बसली नाही, तर हवा गळते व माप कमी भरते. ही भीती बाळगून तंत्रज्ञ पिपेट टिपांच्या खोक्यात ठोकून ठोकून बसवितात. त्या ठोक्यांचा धक्का मनगटाला बसतो आणि जितकी टिप घट्ट, तितका ती काढण्यास जोर अधिक. अंगठ्याचा सर्वांत मोठा शत्रू दट्ट्या नसून ही अडकलेली टिप होय, असे म्हणण्यास हरकत नाही. काही निर्मात्यांनी निमुळत्या जोडाऐवजी सरळ दंडाकृती जोड व बसण्याची ठराविक मर्यादा असलेल्या टिपा आणल्या. त्या हलक्या दाबाने बसतात व हलक्या दाबाने सुटतात. त्यांची अडचण अशी की, त्या दुसऱ्या पिपेटीला चालत नाहीत आणि ग्राहक एकाच निर्मात्याला बांधला जातो. सर्वसामान्य मापाच्या स्वस्त टिपा अनेक पिपेटींना बसतात, पण ‘बसतात’ या शब्दाला येथे फार थोडा अर्थ आहे. टिप लावून व द्रव भरून पिपेट काही वेळ उभी धरावी. टोकाशी थेंब जमू लागला, तर ती टिप त्या पिपेटीची नव्हे.

टिपा मुख्यतः पॉलिप्रोपिलिनाच्या असतात. हे बहुवारिक रसायनांना दाद देत नाही व १२१° से. तापमानाच्या दाबयुक्त वाफेत निर्जंतुक करता येते. दोनशे मायक्रोलिटरपर्यंत पिवळी व हजारापर्यंत निळी हा रंगांचा संकेत सर्वत्र परिचित आहे. प्रथिनयुक्त किंवा अपक्षालक असलेला द्रव टिपेच्या भिंतीला चिकटतो. त्यासाठी कमी द्रव धरून ठेवणाऱ्या टिपा मिळतात. कोशिका किंवा डीएनएचे लांब रेणू तुटू नयेत म्हणून रुंद तोंडाच्या टिपा घेतात. डीएनएचे प्रवर्धन करण्याची कॅरी मुलिस यांची पद्धती (१९८३) रूढ झाल्यावर गाळणीयुक्त टिपांना महत्त्व आले. या पद्धतीत पिपेटीच्या आत उडालेला एखादा तुषारही पुढील नमुन्यात कोट्यवधी पटींनी वाढतो व निरोगी माणसाची चाचणी सदोष येते. बाष्पनशील व अतिश्यान द्रवांसाठी हवेची उशीच निरुपयोगी ठरते. त्यांकरिता टिपेतच दट्ट्या असलेली पिपेट वापरावी लागते. प्लॅस्टिकही सर्वस्वी निष्क्रिय नसते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये असे दाखविले की, प्रयोगशाळेतील प्लॅस्टिकच्या वस्तूंतून पाझरणारी काही द्रव्ये एंझाइमांच्या क्रियेत ढवळाढवळ करतात.

हाताळणीच्या काही गोष्टी निवडीइतक्याच परिणामकारक आहेत. पिपेट शक्यतो उभी धरणे, टिप द्रवात अगदी थोडी बुडविणे, द्रव घेण्यापूर्वी टिप दोन-तीनदा त्याच द्रवाने ओली करणे यांमुळे माप सुधारते. हातात फार वेळ राहिलेली पिपेट शरीराच्या उष्णतेने तापते, आतली हवा प्रसरण पावते व माप घसरते. त्यामुळे दर वीस-तीस मिनिटांनी पिपेट खाली ठेवल्यास हात व माप दोन्ही सावरतात. टिपा टाकण्याचे भांडे बुटके असावे, कारण उंच भांड्याच्या काठावरून हात नेण्यासाठी प्रत्येक वेळी खांदा उचलावा लागतो. या व्यवस्थेला कोणताही खर्च नाही.

कोव्हिड-१९ च्या साथीने २०२० मध्ये या दुर्लक्षित वस्तूचे महत्त्व सर्वांना दाखवून दिले. पुणे येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत जानेवारी २०२० मध्ये भारतातील पहिल्या रुग्णाचे निदान निश्चित झाले, तेव्हा अशा चाचण्या मोजक्याच ठिकाणी होत. पुढील काही महिन्यांत त्या देशभरातील शेकडो प्रयोगशाळांत होऊ लागल्या. प्रत्येक नमुन्यास अनेक गाळणीयुक्त टिपा लागत आणि २०२०–२१ मध्ये जगभर टिपांची टंचाई निर्माण झाली. पैसा, यंत्रे व मनुष्यबळ असूनही केवळ टिपांअभावी प्रयोगशाळांतील कामे अडली.

वापरलेल्या टिपांचे काय करावयाचे, हा प्रश्न यातूनच पुढे आला आहे. ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या अंदाजानुसार जीवशास्त्रीय व वैद्यकीय संशोधनसंस्थांतून २०१४ मध्ये सु. ५५ लाख टन प्लॅस्टिकचा कचरा बाहेर पडला. भारतात २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार संसर्गयुक्त प्लॅस्टिक लाल पिशवीत वेगळे काढावे लागते. टिपा धुऊन पुन्हा वापरण्याची यंत्रे काही ठिकाणी वापरात आली आहेत. मात्र ज्या कामात तुषारमात्र दूषितताही चालत नाही, त्यात त्यांचा उपयोग होत नाही. मोठ्या निदानकेंद्रांत टिपा लावणे, द्रव घेणे व टिपा टाकणे ही सारी कामे स्वयंचलित यंत्रे करतात. लहान रुग्णालये, महाविद्यालये व संशोधनाच्या बहुतेक प्रयोगशाळा यांत मात्र हाताची पिपेटच वापरली जाते.